पदवीचे भाडे

'किंमत' आणि 'मूल्य' यांतील फरक आम्हांला गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला शिकवला गेला, तेव्हा मी मागच्या बाकावर बसून वहीच्या कडेला चित्रे काढीत होतो. परीक्षेत त्यावर प्रश्न आला, पाठ केलेले उत्तर लिहिले, मार्कही बरे पडले. फरक समजला तो मात्र गेल्या जून महिन्यात, आमच्या घराच्या ओट्यावर. शिकवणारे गृहस्थ प्राध्यापक नव्हते. ते तालुक्याच्या गावी खते, बियाणे आणि औषधे विकतात. नात्याने ते आम्हांला लांबचे मामा लागतात.

माझी थोरली बहीण याच देवपुरात राहून वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. निकाल लागून आठ दिवस झाले नव्हते तोच मामा पेढे घेऊन आले. पेढे ठेवले, चहा झाला, पावसाची चौकशी झाली. मग ते म्हणाले, "ताईचं सर्टिफिकेट आपल्या दुकानात लावू. वर्षाचे पंधरा हजार घरपोच."

ज्यांचा शेतीशी संबंध फक्त भाजी घेण्यापुरता आहे, अशा वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. २०१५ साली केंद्र सरकारने कीटकनाशकांच्या नियमांत दुरुस्ती केली. औषधविक्रीचा परवाना हवा असेल तर विक्रेत्याकडे, किंवा त्याने नोकरीस ठेवलेल्या माणसाकडे, कृषी शाखेची अथवा रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र यांसारखे विषय घेतलेली विज्ञानाची पदवी हवी, असे त्यात आले. हेतू उत्तम होता. शेतकरी दुकानात जाऊन "पान वाकडं झालं, काहीतरी द्या" म्हणतो, तेव्हा गल्ल्यापलीकडे बसलेल्याला पान का वाकडे होते हे ठाऊक असावे. पण आपल्याकडे उत्तम हेतूच्या पोटी एक व्यापार हटकून जन्माला येतो. पदवी दुकानाच्या भिंतीवर, पदवीधर आपल्या घरी, आणि गल्ल्यावर पूर्वीचाच माणूस!

तर आमच्या ताईच्या पदवीला बाजारात पहिली बोली लागली ती ही. वर्षाला रुपये पंधरा हजार.

आप्पांनी लगेच होय-नाही केले नाही. पाच एकर कोरडवाहू जमीन असलेला माणूस पैशाच्या बाबतीत घाईने काही बोलत नसतो. मामा गेल्यावर त्यांनी देवळीतली वही काढली आणि माझ्यापुढे टाकली. "तू अर्थशास्त्र शिकतोस ना, मांड हिशेब," म्हणाले. आणि ताईकडे वळून, रागाने मुळीच नव्हे, खरोखरच जाणून घ्यायचे म्हणून विचारले, "मंग, याना पैसा कितला भेटतीन?"

हा प्रश्न आपल्या महाविद्यालयांत अडाणी समजला जातो. वक्तृत्व स्पर्धेत आपण 'ज्ञानासाठी ज्ञान' या वाक्यावर टाळ्या घेतो. मला मात्र त्या संध्याकाळी वाटले की आमच्या घरात त्या दिवशी अर्थशास्त्राचा खरा प्रश्न फक्त आप्पांनी विचारला होता. ज्याने घातलेले असते त्याला विचारण्याचा हक्क असतो.

मी हिशेब मांडला. तीन वर्षांची फी आणि परीक्षा शुल्क मिळून चोवीस हजार. खोली, मेस आणि बसचा पास धरून एक लाख पस्तीस हजार. पुस्तके, जर्नल, प्रयोगाचे साहित्य, तोरणमाळची सहल यांचे अठरा हजार. एकूण एक लाख सत्त्याहत्तर हजार रुपये. फी हा त्यातला सर्वांत लहान भागांपैकी एक आहे, याकडे लक्ष वेधतो. कारण 'सरकारी अनुदानामुळे शिक्षण स्वस्त आहे' हे वाक्य ज्यांचे घर धुळ्यातच आहे त्यांच्यापुरतेच खरे असते. शिवाय पुस्तकात ज्याला संधी-खर्च म्हणतात तो निराळाच. तीन हंगाम कापूस वेचायला ताई घरी नव्हती. तिच्या जागी मजूर लावावे लागले आणि वेचणीची मजुरी किलोवर मोजून द्यावी लागली. तो आकडा मी धरला नाही. मामांचे पंधरा हजार दरसाल घेतले तरी मुद्दल फिटायला पावणेबारा वर्षांहून अधिक लागतात, व्याजाचे नाव नको.

पंधराच हजार का, याचेही उत्तर अर्थशास्त्रात आहे. पर्यायी वस्तू स्वस्तात मिळत असेल तर मूळ वस्तूचा भाव चढत नाही. हैदराबादच्या 'मॅनेज' या संस्थेने २००३ पासून निविष्ठा विक्रेत्यांसाठी 'देसी' नावाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चालवला आहे. दुकानदाराने आठवड्याला एक दिवस वर्गात बसून तो पुरा केला तर त्याला कोणाच्या ताईची गरज उरत नाही. म्हणजे ताईची तीन वर्षे एका बाजूला, आणि मामांचा एका वर्षाचा आळस दुसऱ्या बाजूला. भाडे ठरले ते त्या आळसाच्या मापाने. पदवीच्या मापाने नव्हे.

हे झाले भाड्याचे. आता पदवी विकून, म्हणजे नोकरी करून, काय मिळते ते पाहू. येथे मला एक भ्रम आधी दूर करावासा वाटतो, कारण तो आमच्याही घरात होता. खेड्यात कृषीची बी.एस्सी. आणि वनस्पतिशास्त्राची बी.एस्सी. या दोन्ही 'झाडांचं शिकणं' या एकाच सदरात मोडतात. प्रत्यक्षात त्या दोन दारांतून आत गेल्यावर बाहेर निघायच्या वाटा निराळ्या आहेत. कृषी खात्यातील अधिकाऱ्याची जागा, कृषी विद्यापीठातील पैदासकाराची जागा, या कृषी पदवीधरासाठी असतात. बारावीनंतर सीईटीत कमी पडलेली मुले 'तेच तर आहे' म्हणून वनस्पतिशास्त्राला येतात आणि तिसऱ्या वर्षी त्यांना कळते की तेच नाही. हे प्रवेशाच्या दिवशीच कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. सांगत नाहीत, कारण वर्ग भरायचे असतात.

मग उरते काय? एम.एस्सी. करून नेट किंवा सेट पास व्हावे, जमल्यास पीएच.डी. करावी आणि सहायक प्राध्यापक व्हावे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे तेथे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. हा आकडा ऐकून आप्पांचे डोळे चमकले होते. पण त्या खुर्चीपर्यंत जाणाऱ्या रस्त्यावर 'तासिका तत्त्व' नावाचे एक गाव लागते आणि पुष्कळांची गाडी तिथेच कायमची थांबते. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की पैसे नाहीत. आपल्याला शिकवणारे कित्येक सर आणि मॅडम त्या गावचे रहिवासी आहेत. त्यांना यातले मी काही नवीन सांगत नाही. दुसरी वाट वनसेवेची. आणि येथे मी माझ्या कला शाखेच्या मित्रांना एक गंमत सांगतो. आपल्याला कलेक्टर होण्यासाठी परीक्षा देता येते, पण भारतीय वनसेवेची देता येत नाही. तिथे वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, गणित, भूगर्भशास्त्र असा एखादा विज्ञानाचा विषय अथवा कृषी, वानिकी, अभियांत्रिकीची पदवी लागते. म्हणजे ताईच्या कागदाने निदान एक दार असे उघडते जे माझ्या कागदाने आयुष्यात उघडणार नाही. जागा थोड्या आणि उमेदवार देशभरचे, ही गोष्ट वेगळी.

तिसरी वाट आपल्या खानदेशातच आहे, आणि तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

जळगाव जिल्ह्यातील केळी आज बव्हंशी 'ग्रँड नैन' या जातीची, आणि त्यांतील पुष्कळशी रोपे ऊतिसंवर्धनाची, म्हणजे काचेच्या बाटलीत वाढवलेली आहेत. जैन इरिगेशनने १९९० नंतरच्या दशकात हे तंत्र येथे रुजवले आणि ठिबकच्या जोडीने त्याने रावेर-यावलचा चेहरा बदलला. पण त्या बाटलीचा इतिहास जळगावात सुरू होत नाही. वनस्पतीची एक पेशी अलग काढून वाढवता येईल ही कल्पना हाबरलांट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०२ साली मांडली. त्याचे स्वतःचे प्रयोग फसले. पुढे १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी अमेरिकेत तंबाखूच्या ऊतींवर काम करताना पोषणद्रव्याची एक कृती प्रसिद्ध केली. ताईच्या जर्नलात ती कृती 'एम.एस. माध्यम' या नावाने तिच्या हस्ताक्षरात आहे. १९०२ ची कल्पना, १९६२ ची कृती, आणि रावेरच्या शेतकऱ्याच्या हाती रोप आले ते शतक सरताना. नव्वद वर्षे! इतकी वाट पाहणारी बँक जगात नाही, आणि आप्पांनी ती पाहावी असे म्हणण्याचा अधिकार मला तर नाहीच.

दुसरे उदाहरण अधिक घरचे आहे. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस भुईमुगाचे जे.एल.-२४, म्हणजेच 'फुले प्रगती' हे वाण दिले. मूळ बियाणे तैवानमधून आलेले. त्यातून निवड करून हे उपटे, नव्वद-पंच्याण्णव दिवसांत तयार होणारे वाण काढले गेले. खानदेशातच नव्हे तर देशभर ते पेरले गेले, आणि तेथून आफ्रिकेत पोहोचले. मलावीत त्याला 'काकोमा' म्हणतात, झांबियात 'लुएना'. जे.एल. मधला 'जे' हा आपल्या जळगावचा, हे तिथल्या शेतकऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. आता मला सांगा, त्या केंद्रात ऊन्हातान्हात ओळी तपासणाऱ्या माणसाला महिन्याच्या एक तारखेला काय मिळाले असेल? सरकारी श्रेणीतला पगार. त्याच्या वाणाने लाखो शेतांत जे पिकवले त्याचा हिस्सा कोणी त्याच्या घरी पाठवला नाही.

माझे म्हणणे येथे येते. वनस्पतींच्या अभ्यासाला मोल नाही असे नाही. मोल प्रचंड आहे, पण ते अभ्यास करणाऱ्याच्या खिशात पडत नाही. ते शेतकऱ्याकडे, कंपनीकडे, खाणाऱ्याकडे जाते. खर्च एका घराने करायचा आणि मिळकत साऱ्या मुलखाने वाटून घ्यायची, असा हा सौदा आहे. तो वाईट सौदा आहे असे मी म्हणत नाही. मात्र तो असा आहे हे त्या घराला आधी सांगितले पाहिजे, आणि मुलखाने आपल्या वाट्याची काही परतफेड, शिष्यवृत्तीच्या रूपाने म्हणा, भरलेल्या जागांच्या रूपाने म्हणा, केली पाहिजे. नुसत्या टाळ्यांनी मेसचे बिल भागत नाही.

आपल्या देवपुरापुरते बोलायचे तर, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील वनस्पतींचा समग्र ग्रंथ २००३ साली प्रसिद्ध झाला, तो डॉ. डी. ए. पाटील यांचा, आणि ते देवपुरातीलच विज्ञान महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत. तोरणमाळच्या चढावर किंवा लळिंगच्या पायथ्याशी उगवणाऱ्या कोणत्या झुडपाला काय म्हणतात, हे कोणीतरी रानोमाळ फिरून लिहून ठेवले म्हणून आज ते कळते. धुळ्याला या जातीची माणसे नवी नाहीत. इतिहासाचार्य राजवाडे कागदांसाठी असेच वणवण फिरले, १९२६ मध्ये याच गावी वारले, आणि दुसऱ्या वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाड्यांना त्यांच्या कागदांचा पैसा किती मिळाला, असे कोणी विचारीत नाही. हा युक्तिवाद मी त्या रात्री ओट्यावर करून पाहिला. आप्पा म्हणाले, "ते मोठे लोक." संपले! आणि मला वाटते त्यांचेच बरोबर होते. एखाद्या असामान्य माणसाने उपासमार पत्करली म्हणून सामान्य घरातल्या मुलीने ती पत्करावी, हे सांगणे सभ्यपणाचे नाही.

एका गोष्टीची भीती मात्र घालायलाच हवी. बाटलीतून आलेली केळी सगळी एकसारखी, एकाच झाडाच्या प्रती. गेल्या शतकाच्या मध्यास जगाच्या बाजारातली 'ग्रो मिशेल' नावाची केळी पनामा रोगाने अशीच बागांमागून बागा गेली आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश गटातली केळी आली. आपली ग्रँड नैन त्याच गटातली. आता त्या गटालाही धरणारा त्याच बुरशीचा नवा प्रकार आपल्या देशात, बिहार आणि उत्तर प्रदेशात, आढळला आहे. उद्या तो तापीकाठी आला तर कोणाला बोलवायचे? तोवर वनस्पतिशास्त्राचे वर्ग मुलांअभावी बंद पडले असतील तर कोणाच्या भिंतीवरचे सर्टिफिकेट उतरवून त्याला विचारायचे?

परत ओट्यावर येतो. मामा दोन दिवसांनी उत्तरासाठी आले. ताई त्यांना म्हणाली, "मामा, मी दुकानात येऊन बसते ना. लेबल वाचून सांगेन, कशावर काय आणि किती. मला पगार काय द्याल?"

मामा हसले. "अगं, तुला यायची कशाला दगदग? तू यायचं नाहीस, त्याचेच तर पैसे."

हे वाक्य ते अगदी प्रेमाने बोलले. मी तेव्हापासून त्याचा विचार करतो आहे. ताईला पंधरा हजार मिळणार होते ते तिला जे येते त्याबद्दल नव्हे. तिने ते तिथे येऊन वापरू नये याबद्दल.

ताई आत गेली आणि औषधाची एक रिकामी बाटली घेऊन आली. तिच्यावरचा लाल त्रिकोण तिने मामांना दाखवला. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसावर माणसे मेली, तेव्हा ती शाळेत होती. पण आमच्या गल्लीत त्या दिवसांत घरोघरी तीच चर्चा होती, कारण तीच पिके आणि तेच पंप आमच्याकडेही. "या बाटलीमागे माझं नाव असेल आणि मी नसेन," एवढेच ती म्हणाली. मामांना राग आला नाही. दुसऱ्या कोणाची पदवी मिळेल हे त्यांना ठाऊक होते.

त्या रात्री मी हिशेबाची वही पुन्हा उघडली. ताईचे पान भरलेले होते. मी ते तिला वाचून दाखवीत होतो, मोठ्या अभ्यासू आवाजात. ती ऐकत होती. मग तिने विचारले, "तुझं पान कुठे आहे रे?"

माझे पान नव्हते. मीही देवपुरात खोली घेऊन राहतो, मेसला जेवतो, बसचा पास काढतो. माझ्या बी.ए.चा खर्च वहीत 'घरखर्च' या सदरात मोडला होता. तीन वर्षांत आप्पांनी, आईने, मामांनी किंवा मी स्वतः एकदाही विचारले नव्हते की अर्थशास्त्राच्या पदवीला पैसा किती. मुलगा शिकतो तो घरखर्च, आणि मुलगी शिकते ती गुंतवणूक, जिचा परतावा लग्नाआधी दिसला पाहिजे! वनस्पतिशास्त्र स्वस्त की महाग, हा वाद घालणाऱ्यांनी आपापल्या घरच्या वह्या एकदा या दृष्टीने चाळून पाहाव्यात अशी माझी विनंती आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी असेच निघेल, अशी माझी अटकळ आहे. आणि कला शाखेच्या पदवीला तर मामासुद्धा भाडे देत नाहीत.

ताईने जळगावला एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. दिवाळीत ती घरी आली तेव्हा आमच्या कपाशीची पाने लाल पडू लागली होती. आप्पा औषध आणायला निघाले होते. तिने पाने उलटी-सुलटी करून पाहिली आणि सांगितले की हा लाल्या आहे, कीड नव्हे; नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडले, त्यात रात्री गार झाल्या, म्हणून हिरवा रंग जाऊन तांबडा दिसतो; विष मारून काही होणार नाही. आप्पांनी तिचे ऐकले आणि मॅग्नेशियम सल्फेट आणले. कपाशी सगळी सावरली असे मी म्हणणार नाही. पण विषाची एक फवारणी वाचली, तिच्या मजुरीसकट. किती वाचले ते मी आप्पांना काढून दिले. त्यांनी मान हलवली आणि आकडा वहीत लिहिला नाही.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचे पैसे जून-जुलैत उसने काढून भरले होते, ते दोन वेचण्यांचा कापूस विकून फेडले. दुसऱ्या वर्षाचे अजून व्हायचे आहेत. माझ्या नावाचे पान मी स्वतःच वहीत उघडले आहे. खर्चाची बाजू एक लाख अडतीस हजारांपर्यंत आली, जमेला अद्याप काही नाही.